तोरणमाळ, एका दिवसापुरतं

शहाद्याहून निघालेली एस.टी.
सातपायरीच्या घाटात वळणावळणाला
पहिल्या गिअरमध्ये खोकते.
वर पोचताच मोबाइलवर निरोप:
मध्य प्रदेशात आपले स्वागत आहे.
मी तर अजून खानदेशातच,
खिशात जुन्या गॅझेटियरचं झेरॉक्स पान.

तटबंदी कुठेशी आहे, विचारलं
तर जात्रीबाई पावरा म्हणाली,
जपून, पाय पडेल.

कुण्या राजाच्या दगडांवर
कैरीच्या फोडी वाळत होत्या,
पांढऱ्या, कडेला तपकिरी,
बोट लावलं तर मधे अजून ओल्या.
इथंच का?
हे दगड लवकर तापतात, म्हणाली,
आणि रात्री उशिरा निवतात.
पानावर हे नव्हतं.

तलाव अर्ध्यावर उतरलेला.
सीताखाईच्या काठावर वारा
खालून वर येत होता,
मोहाच्या उग्र वासासकट,
आणि तळातल्या कुठल्याशा पाड्यावर
कोणी गेमाला हाका मारत होतं.
गेमा काही ओ देत नव्हता.
मीच एकदा हळूच दिली.

परतताना अर्धा किलो आमचूर.
तिनं तराजूत
वजनाऐवजी एक दगड ठेवला,
तटाचाच असावा.
मी भाव केला नाही.

चाला आप्पा, गाडी निंघी ऱ्हायनी,
कंडक्टर ओरडला.
घाट उतरताना मांडीवर पिशवी,
अजून कोमट.