पानाची नोंद

बुरो-बुरो नदीच्या अलीकडे, मोरा वृक्षांच्या दाट सावलीत
ऑर्विनमामाने पहिल्यांदा तो दाखवला,
तेव्हा मी म्हणाले, कुठाय?
मामा म्हणाला, बघतेच आहेस की.

वीतभर. विटकरी.
अंगावर पांढरे ठिपके,
वाळल्या पानावर बुरशी धरावी तसे.
डहाळीच्या टोकाला अडकलेलं एक मेलेलं पान,
बाकीची केव्हाच गळून गेली,
हे तेवढं गळायचं विसरलं.

झुळूक आली की तो डुलतो.
झुळूक गेली तरी जरा वेळ डुलतो,
पानं थांबतात तसा, उशिराने थांबतो.
आणि कधीकधी वारा नसतानाच डुलतो.
तेवढी एकच चूक करतो बिचारा,
म्हणतो मामा,
आणि त्या चुकीवर आपलं घर चालतं.

पाहुणे येतात लांबलांबून, गळ्यात दुर्बिणी.
मी बोट दाखवते:
डावीकडे, जाड वेलीच्या मागे. नाही, खाली. अजून खाली.
एक बाई रडली, दिसेना म्हणून.
दिसला तेव्हा पुन्हा रडली.
मी डास मारत उभी.

घरटं म्हणाल तर नाही.
मोडक्या खुंटाच्या माथ्यावर
अंगठ्याने दाबल्यासारखा खळगा,
त्यात एक अंडं. एकच.
त्यावर अख्खा दिवस बसायचं,
पाऊस आला तरी पिसं झटकायची नाहीत,
मुंगी पायावरून गेली तर जाऊ द्यायची.
डोळे मिटलेले. पण वरच्या पापणीला बारीक खाचा असतात,
मिटल्या डोळ्यांनी तो सगळं बघतो.
हे आईलाही जमतं.
आमच्याकडे पाठ करून कसावा किसत असते
आणि विचारते,
फ्लोरिंडा, सायकल पुन्हा ओढ्यात घातलीस?

अंधार पडला की पान सुटतं.
पिवळे डोळे उघडतात, डोक्यात मावत नाहीत एवढे.
तोंड उघडतं, ते कानापर्यंत जातं.
डहाळीवरून झेप, हवेत एक पतंग कमी,
पुन्हा त्याच डहाळीवर.
चांदणं असेल तर कधी बोलतो,
बू बू बू बू,
कुणी लाकडी जिना उतरावा तसा,
शेवटची पायरी गाळून.

पिल्लू उडून गेल्यावर
संशोधन केंद्राने मला वही दिली.
रकाने आखलेले: तारीख, वेळ, जागा, हालचाल, शेरा.
मी रोज पहाटे जायची, दहा पावलांवर बसायची,
फरीनचा डबा मांडीवर.

सप्टेंबरची नऊ: जागेवर. स्थिर.
दहा: जागेवर. वाऱ्याबरोबर किंचित डुलला.
अकरा: जागेवर. ठिपके स्पष्ट दिसले. तब्येत चांगली.
बारा तारखेला, सकाळी सहा चाळीसला
तो खाली पडला.

असा पडला की आवाजच नाही.
मी धावले. पाय वेलीत अडकला, गुडघा फुटला,
हातात घेतला तर
पान.
एका कडेला अळीने कुरतडलेलं,
बुरशीचे सात ठिपके, मी ते नंतर मोजले.
तीन दिवस.
तीन दिवस मी एका पानाची तब्येत लिहीत होते.

तशीच गुडघे टेकून होते मी, रक्त चिकटत होतं,
आणि तोंडासमोर, दोन हातांवर,
दुसऱ्या एका डहाळीवर
काहीतरी हळूच डुललं.

वारा नव्हता.

मामा म्हणाला, फाड ती पानं, कुणाला कळतंय?
केंद्रातल्या रामसरूपसाहेबांनी कपाळाला हात लावला.
पण मी फाडली नाहीत, खोडलीही नाहीत.
तिन्ही ओळींसमोर, शेऱ्याच्या रकान्यात,
बारीक अक्षरात लिहिलंय:
पान होतं.
उत्तम बसलं होतं.