शेवटची सोळा पानं

पुस्तकातली मुलं बेटावर तंबू ठोकायची,
डब्यातले मासे खायची,
आणि रात्री त्यांना हमखास चोर सापडायचे.
ते पुस्तक मी एप्रिलात तीनदा वाचलं,
तिन्ही वेळा एकशे बारा पानांपर्यंतच.
चोर गुहेत शिरलेत, कंदील विझलाय,
आणि मग एकदम मागचा पुठ्ठा,
त्यावर वाचनालयाचा जांभळा शिक्का.

शिरगुप्पे मॅडम म्हणाल्या, मी आले तेव्हापासून तसंच आहे ते.
तरी मे महिन्यात दंडोबाच्या डोंगरावर
आमचं वाचन-शिबिर निघालं, तेव्हा
पत्र्याच्या पेटीत त्यांनी तेच सगळ्यांत वर ठेवलं.

तंबू नव्हताच.
सुकुमार चौगुलेच्या काकांनी तासगावाहून
बेदाण्याच्या शेडवरची हिरवी जाळी पाठवली.
चार बांबू, दोन दोर, रेवतीची एक ओढणी.
आत शिरलं की गोड वास यायचा.
मुंग्यांना तो आमच्याआधी कळला होता.

सुकुमार दिवस मावळायच्या आत जेवून मोकळा.
आम्ही अंधारात भडंग चिवडत बसलो,
शेंगदाणे कुणाच्या हाताला जास्त लागतात यावरून भांडत.
खाली मिरज जंक्शनचे दिवे.
एक गाडी रांगत निघाली.
तौफिक म्हणाला, ही कोल्हापूरची. आज लेट.

तौफिक सतारमेकर. त्याच्या घरी
भोपळा वाळलाय का ते टिचकी मारून ओळखतात.
त्यामुळे डोंगरावरही तो टिचक्या मारतच हिंडला:
पाण्याचा कॅन, देवळाचा खांब, माझं डोकं.
वाळलंय, म्हणाला.

मग एक बॅटरी आणि पाच जण.
आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं, ज्याची पाळी त्याच्या हातात उजेड.
एकशे बारावं पान माझ्याकडे आलं.
चोर गुहेत शिरले. कंदील विझला.
आणि बाहेर कुणीतरी खोकलं.

म्हाताऱ्या माणसासारखं. दमानं. दोनदा.

कुणी हललं नाही.
‘पुस्तकातले आले लगा,’ तौफिक कुजबुजला,
आणि यावर हसायचं असतं हे कुणालाच सुचलं नाही.
मॅडमनी जाळी वर केली.

मेंढी.
तिच्या मागं तीसेक आणखी,
आणि त्यांच्या मागं घोंगडं पांघरलेला
आमच्याच वयाचा मायाप्पा, जतकडचा.
‘मेंढरं खोकत्यात रातची,’ म्हणाला,
‘तुम्ही का जागं?’

आम्ही त्याला सगळं सांगितलं. बेट, मासे, चोर, गुहा.
बेदाणे खात त्यानं ऐकलं,
शेवटी एवढंच विचारलं:
‘गुहेला दुसरं तोंड हाय का?’

तीनदा वाचलेलं मी. हे मनातसुद्धा आलं नव्हतं.
‘नसंल तर चोर येडं हायती.
घूस बी दोन तोंडांचं बीळ करती.’

मग जे सुरू झालं ते
बॅटरी पिवळी, तांबडी होऊन विझल्यावरही चाललं.
दुसऱ्या तोंडाशी कुणाला उभं करायचं?
रेवतीनं मोटरबोट मागितली, मिळाली नाही.
मायाप्पा म्हणाला, मेंढरं उभी करा,
शंभर मेंढरांतनं रातचं पोलीसबी वाट काढत न्हाई.
सकाळी उठलो तर तो गेलेला,
फक्त लेंड्या, आणि सुकुमारच्या पाण्याची बाटली गायब.

सोळा पानं आम्ही शिबिराहून आल्यावर लिहिली.
अक्षर सुकुमारचं, कारण ते एकट्याचंच वाचता येतं.
तौफिकनं ती सतारीच्या तारेनं शिवली.
तार जरा जाड झाली,
पुस्तक आता नीट मिटत नाही.

जूनमध्ये चौथीतला एक मुलगा ते परत करायला आला.
काउंटरवर हनुवटी टेकवून म्हणाला,
मॅडम, बेटावर एवढ्या मेंढ्या आल्या कुठून?

मॅडम तारखेचा शिक्का मारत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
दुसऱ्या तोंडातून.