दोन खालून, एक वरून

खडकीच्या वाचनालयानं रद्दीत काढलं तेव्हा
किलोच्या भावानं घेतलं मी हे पुस्तक.
पाठ उसवलेली, प्रस्तावना वाळवीनं खाल्लेली,
आत इंग्रजीतून साडेतीनशे गाठी
आणि एकाही चित्रात माणसाचा हात नाही.
वाद्या आपल्या आपण वळतात,
एकमेकींच्या खाली शिरतात,
बाणाच्या टोकाशी थांबून माझी वाट बघतात.

भवानी पेठेत बुऱ्हाणभाईंनी विचारलं,
चप्पल का पाकीट?
म्हटलं, गाठी.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं, मग शेळीचं एक कातडं
साडीसारखं उलगडलं गादीवर.
"कडेनं कापायला घ्या. गोल गोल, आत आत.
तळहाताएवढ्या चकतीतून चार हात वादी निघते,
सुरी थरथरली नाही तर."

माझी थरथरली.
पहिला आठवडाभर जे निघालं ते
शेवग्याच्या शेंगेच्या सालीसारखं,
कुठे जाड, कुठे नुसती तार.

तीन पेडी लगेच जमली.
मुलीच्या वेण्या मीच घालायचो शाळेच्या वेळी,
बायकोची ड्यूटी सकाळची असायची, टेलिफोन एक्स्चेंजात.
पाच पेडीला बोटं पुरेनात.
आणि आकृती अकरापाशी साफ अडलो.
अकरात टोक डावीकडे लोंबतंय,
बारात गाठ तयार.
मधे काय झालं ते छापणाऱ्याला ठाऊक.

समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
इथे चूक आहे. दोन खालून, एक वरून.
कोण असेल? पलटणीतला एखादा खोगीरवाला,
की माझ्यासारखाच पेन्शनीत निघालेला कुणी?
अक्षर बारीक. घाईचं नाही.
मी त्याचं ऐकलं, पुस्तकाचं नाही.
गाठ बसली.

आमच्या घरात चामड्याचं नाव काढत नाहीत.
आजोबा, रखमाजी, सासवडच्या पलीकडे मोटा शिवायचे,
आसूड वळायचे. अक्षरशत्रू.
दादा पुण्याला आले, दारूगोळा कारखान्यात कारकून झाले,
गावावरून नवं आडनाव लावलं
आणि मला बजावलं: आरी-रापी विसर, पुस्तक धर.
धरलं की.
आता साठीत त्याच पुस्तकातून चामडं निघालं
त्याला मी काय करू?

दादा नव्वदीला टेकलेत.
महिनाभर त्यांनी इकडे पाहिलं नाही,
वास आला की पेपर थोडा वर धरायचे, एवढंच.
काल बाथरूमकडे जाता जाता थांबले,
टीपॉयवरची गाठ उचलली.
वाटलं, आता बोटांना आठवेल.
कसलं काय.
त्यांना कधी येतच नव्हती गाठ,
आज्ज्यानं शेजारी बसूच दिलं नव्हतं.
त्यांनी ती नाकाशी नेली,
अंगठ्याच्या नखानं दाबून पाहिली.
"कोरडं आहे. करंजाचं तेल लाव.
नाहीतर वर्षात तडकेल."
आणि भिंतीला धरत गेले पुढे.

करंजाचं तेल मला मंडईजवळ मिळालं,
दुकानदार म्हणाला, दिव्याला का?

पुस्तकाची शेवटची सूचना सगळ्या गाठींना एकच:
उरलेलं टोक आत ओढून घ्या, मग कापा.
सुरुवात कुठून झाली ते दिसता कामा नये.
हे मात्र आम्हाला शिकवायला नको.
या एका गोष्टीत आमचा हात बसलेला आहे,
कॉलेजच्या फॉर्मवर, लग्नाच्या बोलणीत,
भाड्याची खोली बघताना.

गाठ स्कूटरच्या किल्लीला लावलीय.
अर्धा इंच वादी बाहेर आहे.
होळकर पुलावर वारा असतो, तेव्हा हलते,
गुडघ्याला लागत राहते.
शेजारचे विचारतात, हे एवढं राहिलं का हो?
सांगतो, तेल मुरतंय अजून.
मुरलं की बघू.