व्हिनेगर

फ्रीमन स्ट्रीटच्या टोकाला, गोदीचा वारा दार ढकलतो त्या दुकानात
एकतीस वर्षं मी हॅडॉक आणि चिप्स मागते,
आणि एकतीस वर्षं काउंटरपलीकडून कुणीतरी विचारतं,
"काय म्हणालीस, लव्ह?"
हॅडॉक कळतो. मीठ कळतं.
अडतं ते व्हिनेगरपाशी.

माझा व ना धड व्ही, ना धड डब्ल्यू.
ओठ दातांपर्यंत येतो
आणि उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखा
"नको, निघतोच" म्हणत परत फिरतो.
मग मी बाटलीकडे बोट दाखवते.

रक्ताच्या नमुन्यांना उच्चार लागत नाहीत,
म्हणून ग्रिम्सबीच्या इस्पितळात माझं बरं गेलं.
निवृत्तीच्या केकवर खांबेटेचं काहीतरी भलतंच लिहिलं होतं.
ते खाल्लं, आणि त्याच आठवड्यात अर्ज भरला:
गान्सू प्रांत, एक सत्र, इंग्रजी शिकवणे,
राहणं-जेवण त्यांचं, तिकीट आपलं.
मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहिलं,
खोडलं,
पुन्हा लिहिलं.
शेजारची डोरीन म्हणाली, "तू? इंग्रजी? चीनला?"
आणि मग, "मांजराचं काय?"

बावीस मुलं. कोळशाची शेगडी. खिडकीबाहेर
बेसनासारखे पिवळे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर.
पहिल्या बाकावरच्या मुलानं माझा फोटो पाहिला, मला पाहिलं,
"टीचर, इंग्लंड?"
हो.
"फेस?"
माहेर या शब्दाला इंग्रजी नाही,
म्हणून सांगितलं, चेहरा आधीच्या घरचा आहे.
त्यानं वहीत उतरवून घेतलं.

ऑक्टोबरच्या सुट्टीत शाळेनं भिंत दाखवायला नेलं,
भिंत जिथे संपते त्या टोकाला.
पाहिली. भिंतच ती.
वारा मात्र थेट गोदीवरचा.
खाली एक बाई पिंपात रताळी भाजत होती,
मी दोन घेतली, बोटं पोळत सोलली,
आणि मनात तिथी मोजायला लागले,
आज एकादशी असती तर फुकट पुण्य लागलं असतं!
तेवढ्यात वरून बावीसजण ओरडले,
"टीचर! व्हेरी ओल्ड वॉल!"

व्हेरीचा व आणि वॉलचा व
एकच.
ओठ यायचा, निघतोच म्हणायचा, परत फिरायचा,
बावीस तोंडांतून, माझाच.
कुणी विचारलं नाही, काय म्हणालात.
रताळं हातात तसंच निवलं.

जानेवारीत परतले. मांजर ओळख दाखवेना.
माझ्या जागी आता सरेचा रोरी नावाचा मुलगा आहे.
त्याचा निरोप आला:
मुलं गुणी आहेत, तुमची फार आठवण काढतात,
फक्त व्ही आणि डब्ल्यू सारखेच म्हणतात.
सुधारायला गेलो तर यान्मेई उभी राहिली,
"खाँग लाओशी इंग्लंडच्या आहेत.
तुम्ही कुठले?"

मी इतकी हसले की डोरीननं भिंतीवर ठोकलं.
मग हसू ओसरलं.
पुढे तोंडी परीक्षा आहे त्यांची.
समोर बसणारा परीक्षक
माझ्या ओठाचे मार्क
यान्मेईच्या वहीतून कापणार.
रोरी बरोबर आहे, हे त्याला कळवायला हवं.
चार दिवस झाले. अजून कळवलं नाही.

काल दुकानात गेले. काउंटरवर नवी पोरगी,
नाकात चमकी, हातावर तेलाचे चटके.
हॅडॉक. मीठ. व्हिनेगर.
"काय म्हणालीस, लव्ह?"
बाटली माझ्यापासून वीतभर.
हात कोटाच्या खिशात ठेवला
आणि पुन्हा म्हणाले,
तस्संच.
मागे रांग लागली होती, कुणीतरी खाकरलं.
ती माझ्या ओठांकडे बघत राहिली,
आणि मी,
तिसऱ्यांदा म्हणायच्या तयारीत.