मागची बाजू कोरी

खानापुरात, तहसील कचेरीच्या समोर
माझं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, फोटो अर्जंट.
पाटीवर कन्नड मोठं,
मराठी खाली, शटर वर केलं की गुंडाळून जाणारं.

सकाळी पेपर येतो. काउंटरच्या काचेवर पसरून
रुक्माण्णा वाचतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं :
कुठल्याशा कंपनीतून कोट्यवधी माणसांची माहिती फुटली.
'फुटली' म्हणताना त्याचे हात आपोआप उघडतात,
कुंभाराचे हात, दुसरं काय करणार.
मग म्हणतो, "आमचं काय चोरणार हैत गा?
नाव? रेशनकार्डावर एक, उताऱ्यावर दुसरं,
आधारवर तर तिसराच कोण बसलाय.
चोरालाच कळूदे आधी, ह्यातला मी कुठला!"

सगळे हसतात. शट्टूप्पा नाही हसत.
त्यानं मोबाईलच्या कॅमेऱ्यावर
बायकोची टिकली चिकटवली आहे, मरून रंगाची,
रिक्षाच्या हप्त्याचे अकरा हजार गेल्यावर.
हिंदीत फोन आला होता. फारच गोड बोलत होता म्हणे,
बँकेत आपल्याशी असं कोण बोलतंय?
तिथं शंका यायला पाहिजे होती.
बँकेतली बाई म्हणाली, होगली बिडी,
आणि कन्नड फॉर्म दिला.
तो मी भरला. वीस रुपये घेतले.

मी काय सांगणार होतो?
तालुक्याचे पासवर्ड मीच ठेवून देतो.
गावाचं नाव, पुढं एक दोन तीन.
म्हणजे अर्ध्या तालुक्याची किल्ली
एसटीस्टँडवर, बसच्या पाटीवर लिहिलेली आहे.
आणि डाउनलोड नावाच्या त्या फोल्डरात
सात वर्षांचे अंगठे, जन्मतारखा, दवाखान्याचे रिपोर्ट.
कुणाच्या पोरीचं लग्न का मोडलं, मला माहीत आहे.
कुणी विचारत नाही. मी सांगत नाही.
एवढ्या एका कुलपावर चाललंय सगळं.

परवा स्टेशनजवळ मष्णूकडं शेंगा घेतल्या.
पुडी सोडली तर आत एक बाई.
काळपट, टोनर संपत आलेला,
अर्धा नंबर, अर्धा पत्ता, कपाळावर मिठाचे खडे.
कागद माझ्याच दुकानातला. बिघडलेली कॉपी
फेकायची कशाला, मागची बाजू कोरी असते,
म्हणून मीच दिलेला गठ्ठा, किलोवर.
शेंगा खाल्ल्या. उभ्याउभ्याच खाल्ल्या.
पुडी मात्र टाकवेना.
घडी घालून वरच्या खिशात ठेवली,
आणि मष्णूकडून उरलेला गठ्ठा परत मागितला
तर तो म्हणाला, "दुप्पट भाव हुतो आता."

दिला.

रात्री बंबात घातले सगळे.
सकाळी आंघोळीचं पाणी
नावं, गावं, पिनकोड जाळून तापलं.
अंगावर घेताना उगाच जास्त कढत वाटलं.
फोल्डर काही बंबात जात नाही.
पुतण्या म्हणतो, काका, डिलीट केलं तरी राहतंच कुठंतरी.
त्याला विचारलं, कुठं?
त्यानं आभाळाकडं बोट केलं,
मेलेल्या माणसाबद्दल लहान पोराला सांगताना करतात तसं.

आज सातेरीआज्जी आल्या. पेन्शनीचं काम.
फोन माझ्या हातात दिला, ओटीपी इंग्रजीत,
मागं रांगेत नऊ जण, त्यात एक तर अनोळखी.
रोज मी तो आकडा ओरडून सांगतो.
आज वाकलो, त्यांच्या कानाशी गेलो,
गुरुमंत्र द्यावा तसं हळूच म्हटलं,
सात, शून्य, चार...

"आँ?" आज्जी म्हणाल्या.
"कसाला कुजबुजूलास? चोरी केलाईस काय?
मोठ्यानं सांग की गा!"