डावी पोटरी

तीस वर्षं मी बार्जवर होतो, साहेब.
आमोण्याला खनिज भरायचं, मुरगावला ओतायचं.
हे हात दोराचे आहेत.
पाण्याखालचा गाळ डोळ्यांना दिसत नाही,
पण बार्ज किंचित अडखळली की तळव्यांना कळतं.

शालनच्या पोटरीत मला काही कळलं नाही.

पिशवीचं ऑपरेशन होऊन सतरा दिवस झाले होते.
डावा पाय सुजलेला, ऊन ऊन.
मी सुंभानं मोजला. उजव्याला एक गाठ, डाव्याला एक,
दोन बोटांचा फरक.
दाखवायला नेलेलं सुंभ खिशातच राहिलं.
डिचोलीचे डॉक्टर उभ्याउभ्याच म्हणाले,
झोपून झोपून आखडलाय पाय,
तेल लावा, चांगला दाबून चोळा.
साडी घोट्याच्या वर सरकलीसुद्धा नाही.
तीनशे रुपये. पावती नाही.

तीन रात्री चोळला.
खोबरेल कोमट करून, कापूर घालून,
घोट्यापासून वर, वर, छातीच्या दिशेनं,
मालिश अशीच करतात, एवढं ठाऊक होतं.
हळू, म्हणायची ती. मग म्हणायची, थांबू नको.
लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती,
एवढा वेळ तिचा पाय मी कधी हातात धरला नव्हता.

चौथ्या सकाळी, नको म्हटलं तरी, आडोळीवर बसली.
अर्धी कवड खवून झाली आणि म्हणाली,
जिना चढल्यासारखं होतंय.
आमच्या घराला जिना नाही.
फोनवर डॉक्टर म्हणाले, गॅस असेल, सोडा द्या.
दिला.

बाणस्तारीच्या पुलावर ॲम्ब्युलन्सचा भोंगा बंद झाला.
का, ते मी विचारलं नाही.

बांबोळीची डॉक्टर, पोरच म्हणायची,
तिनं कागदाच्या पाठीवर शीर काढली,
शिरेत गुठळी, आणि एक बाण वर जाणारा.
पायाची सोनोग्राफी झाली असती तर दिसली असती, म्हणाली.
मग आवाज उतरवून:
पाय चोळला होता का कुणी?

नाही, म्हणालो मी.

आता डिचोलीच्या फाइलीत लिहिलंय,
पायाची तक्रार नव्हती.
सात महिन्यांच्या नोंदी, शाई एकाच पेनची.
वकील म्हणतात, त्यांनी चोळायला सांगितलं
हे शाबीत करायचं, तर चोळलं कोणी ते आधी सांगा.
आणि बांबोळीच्या कागदावर माझं 'नाही' टाइप झालंय.
त्या एका शब्दापुरते
तो डॉक्टर आणि मी एका बाजूला उभे आहोत.

तर लिहून घ्या.
चोळला. मी. दाबून.
गुठळी तेवढ्यानं सुटली का,
ती पोर म्हणाली, सांगता येत नाही.
तुम्हालाही येणार नाही, साहेब.

हे सुंभ. गाठी सोडलेल्या नाहीत.
तेलाचा वास अजून आहे, त्याकडे लक्ष देऊ नका.
मधलं अंतर तेवढं मोजा.