मधली जागा

कवडू गेडाम परत आला
तेव्हा निळी टोपी खुंटीवर टांगली, टॉर्चच्या शेजारी.
बोडीवर पोरं विचारत, किती मारले?
"एकही नाही. मोजले."
इकडून किती गोळे, तिकडून किती,
रोज वहीत, वेळ घालून.

त्या लढाईत आपलं कोणीच नव्हतं.
म्हणूनच तर बोलावलं होतं
मधल्या पट्ट्यात उभं राहायला,
बंदूक भरलेली, हात बांधलेले.

पैसे कोण देते? मी विचारलं.
मंडईची वर्गणी मीच गोळा करतो,
मला हिशेब लागते.
सगळे देश देतात म्हणे, वाट्यानं.
थकबाकी कोणाची?
तो हसला. "ज्याचा दारूगोळा, त्याचीच."
तोवर भत्ता आपल्याच सरकारच्या खिशातून,
डिझेल, पिठाची पोती,
आणि नाव उच्चारता येत नाही अशा गावाला
एक दिवसाआड पाण्याचा टँकर.

यंदा धानकापणीच्या तोंडावर
बोरकुटे नि लांजेवार कुऱ्हाडी घेऊन धुऱ्यावर.
कवडूच्या ना नात्यातले, ना पार्टीतले.
टोपी न घालताच गेला
आणि धुऱ्यावर बसला, चिखलात,
पाय एकाच्या बांधीत, पाठ दुसऱ्याकडे.
"अबे, बोल ना काही!" मी ओरडलो.
नाही बोलला.
दिवस कलला तशा कुऱ्हाडी खाली आल्या.
समज आली की हात दुखले, कोण जाणे.

मोजणीची फी अर्धी-अर्धी ठरली.
बोरकुटेनं भरली.
लांजेवाराकडून येणं आहे.
त्या दिवशीच्या चहाचे बावन्न रुपये
टपरीच्या वहीत
कवडूच्या नावानं.